हलकं मशीन नको

"भैय्या, सबसे हल्का ड्रिल मशीन दिखाइए," साकेत म्हणाला, आणि शेजारी उभी असलेली मुलगी हसली.

चावडी बाजारच्या त्या दुकानात तेलाचा वास होता. दारातून जानेवारीचं कोवळं ऊन आत येत होतं. तेवढ्यात साकेतचा फोन वाजला.

"हो आई, जेवलो... पुण्याच्या ऑफिसातल्या बदलीचं? महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. नाही गं, अजून नाही ठरलं."

फोन ठेवल्यावर ती मुलगी मराठीतच म्हणाली, "मी रुचिरा. आईबरोबर सरोजिनी नगरला राहते. हलकं मशीन घेऊ नका."

"का?"

"काय करायचंय, ते आधी सांगा."

"स्टूल. हातातल्या ड्रिलनं भोकं पाडली, तर चारही पाय चार दिशांना गेले. मी बसायच्या आधी तेच बसतं."

ती मोकळेपणानं हसली... आणि साकेतला उगाच आणखी काहीतरी विनोदी सांगावंसं वाटलं.

दुकानदार बन्सलजींनी टेबलावर बसवायची दोन उभी ड्रिल मशीनं मांडली. एक सहा किलोचं, चकचकीत, भोकाची जागा दाखवणाऱ्या लाल दिव्याचं. दुसरं साधं, हिरवट, सोळा किलोचं.

रुचिरानं पहिलं सुरू केलं. "बिटाचं, या भोक पाडणाऱ्या सळईचं, टोक बघा. एकच दिसतंय?"

"नाही... गोल फिरतंय."

"म्हणजे भोक वाकडं पडणार. आता हे."

दुसऱ्याचं टोक सुईसारखं एका जागी होतं. तिनं बटण बंद केलं. "आता हँडल खाली ओढा. मी बिट धरणारा हा चक हलवून बघते. हललं काही?"

तिची बोटं त्याच्या मनगटाला निसटती लागली.

"मशीन... नाही हललं," साकेत म्हणाला.

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण गालावर खळी पडलीच. "लाल दिव्याला पैसे घालू नका, पेन्सिलची खूण पुरते. पाया लोखंडाचा हवा. बस्स!"

"मैडम इंजीनियर हैं?" बन्सलजींनी विचारलं.

"नहीं जी, सरकारी दफ्तर में हूँ. संडे को बच्चों को खिलौने बनाना सिखाती हूँ."

साकेतनं जड मशीन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "चार वर्षं गुडगावला आहे. घडीचं टेबल, घडीची खुर्ची, गुंडाळायची गादी. कधीही परत जायचं, म्हणून."

"अच्छा! म्हणजे चार वर्षं तुम्ही निघालेलेच आहात?"

तो मशीनवरची किमतीची चिठ्ठी उलटसुलट करून बघू लागला.

"घाई करू नका," ती सौम्यपणे म्हणाली. "रविवारी माझ्याकडे या. माझ्या मशीनवर स्टूल करून बघा."

रविवारी तो गेला. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात सात मुलांमध्ये तो आठवा. पहिल्या भोकाला तिनं त्याच्याकडून तीनदा खूण करून घेतली. दुसऱ्या रविवारी अहो-जाहो संपलं. तिसऱ्या रविवारी स्टूल चारही पायांवर नीट उभं राहिलं, आणि मुलांनी टाळ्या पिटल्या.

चौथ्या रविवारी तो उशिरा आला. मुलं गेली होती. रुचिरा भुसा झाडत होती.

"उद्या पुण्याला कळवायचंय," तो म्हणाला. "काय करू?"

तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"मशीन कुठलं घ्यायचं ते मी सांगेन. तू कुठे राहायचं, ते नाही सांगणार. पण मला काय हवंय, ते सांगते. तू इथे राहायला हवा आहेस... मला आवडतोस तू. हे ऐकून ठरव. न ऐकता नको."

खालून टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. एकदा—मग पुन्हा.

"खाली येतेस?" तो म्हणाला. "डिकीत सोळा किलो आहे. बन्सलजींकडूनच येतोय."

"म्हणजे... तुझं आधीच ठरलं होतं?"

"राहायचं ठरलं होतं. तुला कसं विचारायचं, तेच टॅक्सीत बसून ठरवत होतो. जमलं नाही. तू बोललीस."

"वेडा!" तिनं मशीनवरचं फडकं त्याच्यावर फेकलं. "मग आता तरी बोल."

"मला तू फार आवडतेस, रुचिरा. दुकानातल्या त्या हसण्यापासून."

तिनं ओढणीवरचा भुसा झटकला. "आई, गुडगावला जाऊन येते गं! मशीन बसवायला दोघं लागतात."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, एवढं जड कशाला घेतलं त्यानं? परत जाताना न्यायचं कसं?"

साकेतनं दारातूनच उत्तर दिलं, "न्यायचं नाहीये, काकू!"