टापटीपची गाडी

अमावास्या वगैरे काही नव्हती पोरांनो, फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार होता. रात्री पावणेबाराला बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचं कळलं, म्हणून आमचा टापटीप गाडी काढून औषधाच्या दुकानात निघाला.

टापटीप म्हणजे माझ्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. गाडीत पाय ठेवण्याआधी चपला झटकायला लावायचा. यम न्यायला आला तरी त्याला आधी पाय पुसायला सांगेल, असं आम्ही म्हणायचो.

हसा. मीही हसायचो.

त्याच्या वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई भाड्यानं राहायची. तिच्या सात वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर होता. उपचार लागू पडत होते. पण त्यातल्या एका औषधानं कधीकधी मेंदूच्या शिरेत रक्त गोठतं. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, डोकं दुखून उलट्या झाल्या किंवा हात किंवा पाय लुळा पडला तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उठून यायचं.

त्या मंगळवारच्या चार महिने आधी तशी रात्र आलीच. उलट्या थांबेनात. आई पोरीला कडेवर घेऊन खाली आली. गाडी दारातच उभी होती.

"दादा, एवढं दवाखान्यात सोडा. हिचा उजवा हात उचलत नाहीये."

टापटीपनं नाकाला रुमाल लावला. पोरीच्या भिजलेल्या फ्रॉककडे बघितलं.

"गाडीत घाण होईल. रिक्षा बघा."

आणि दार लावून घेतलं. बरं, तेवढ्यावर थांबावं ना? बाई फाटकाबाहेर रिक्षासाठी ताटकळत होती, तेव्हा हा फिनेल टाकून पायरी धूत होता. हे त्यानंच मला सांगितलं, फुशारकीनं. त्यानं मागवलेला चहा मी मोरीत ओतला. तोंडात घालवेना.

रिक्षा उशिरा मिळाली. वाटेतच पोरीला झटके आले. मेंदूतली मोठी शीर गुठळीनं बंद झाली होती. वेळेत आणलेली बरीच मुलं वाचतात, असं डॉक्टर म्हणाले. ही तिसऱ्या दिवशी गेली. आईनं बिऱ्हाड हलवलं. टापटीपनं खोलीला रंग काढला.

तर तो मंगळवार. गोळ्या घेऊन परत येताना गाडीत आंबट वास यायला लागला. त्यानं काच खाली केली. वास वाढला. शिळ्या दुधासारखा, गरम. त्यानं आरशात बघितलं. मागे कुणी नाही.

मग आवाज आला. कुणीतरी ओकारी दाबत होतं. एकदा. परत एकदा.

रस्ता रिकामा. त्यानं वेग वाढवला.

"काका..."

अगदी कानामागे.

"डोकं..."

पुढे काही नाही. नुसता श्वास. ओला...

त्यानं मान वळवली नाही. वळवता येईना. आणि मग मानेवर काहीतरी पडलं. कोमट. बुळबुळीत. सदऱ्यात शिरून पाठीवरून खाली ओघळलं...

गाडी तशीच रस्त्यात टाकून तो घरापर्यंत पळत गेला.

उजाडता उजाडता माझ्याकडे आला. गाडी घेऊन ये, म्हणाला, मी हात लावणार नाही. मी जाऊन आणली. मागची सीट कोरडी ठणठणीत. वास नाही, डाग नाही. गोळ्यांची पिशवी पुढच्या सीटवर होती तशी. तुला भास झाला, असं त्याला सांगायचं मी ठरवलं.

परत आलो तर हा गॅरेजच्या नळाखाली वाकून मान घासत होता. साबणाची अख्खी वडी संपवली होती. कातडी सोलवटली होती, तरी थांबेना.

"बघ रे," तो म्हणाला, "अजून काहीतरी चिकटलंय."

मी सदऱ्याची कॉलर खाली ओढली.

मानेवर केस होते. लांब, मऊ, लहान मुलीचे असतात तसे. ओले. टोकांना पिवळसर काहीतरी चिकटलेलं. त्या पोरीचे तर औषधांनी सगळे केस गळून गेले होते.

मी एक चिमटीत धरून ओढला.

तो निघाला नाही. त्याच्याबरोबर मानेची कातडी वर आली.