निळ्या पट्टीची भिंत

"अहो, थांबा! भिंतीतून काय चालताय?"

डेस्मंड जागच्या जागी थबकला. एक पाय न्हाणीघरात, दुसरा ओट्यावर! चर्चच्या हॉलमध्ये मारिवेलने फरशीवर निळी चिकटपट्टी लावून अख्खी खोली आखली होती. व्हँकुव्हरमध्ये एकट्यादुकट्यांसाठी स्वस्त खोल्यांची सहा मजली इमारत व्हायची होती, आणि ही तिची आर्किटेक्ट. जे राहणार त्यांनी आधी आत फिरून बघायचं, हा तिचा हट्ट.

"माफ करा हं," ओली छत्री मिटत तो म्हणाला. "बँकेतून आलोय. तुमच्या कर्जाची फाईल माझ्याकडे आहे."

"मग तर दारातूनच या. बँकवाल्यांना भिंती दिसत नाहीत, ठाऊक आहे मला."

तो हसला, मागे गेला आणि हवेतच दार वाजवलं… टक टक. झालं! तिथेच फसली बिचारी.

हिवाळाभर पाऊस पडत राहिला आणि डेस्मंड दर गुरुवारी 'पाहणी'ला येत राहिला. कसली डोंबलाची पाहणी! खिडकीपाशी एक खुर्ची मावेल एवढा कोपरा होता. तिथे दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि मारिवेलच्या आईने डब्यात दिलेल्या पान्सित नावाच्या फिलिपिनो शेवया खायचे.

"केवढीशी गं ही खोली," तो एकदा म्हणाला.

"का? अडचण होतेय तुला?"

"छे! अजून लहान असती तरी चाललं असतं…"

तिचे कान लाल झाले होते.

तो कोपरा खरं तर या इमारतीत राहायला येणाऱ्या विनी आजींचा. सहा वर्षं मोटेलात काढलेल्या या बाईकडे नवऱ्याने स्वतः घडवलेली झुलती खुर्ची तेवढी उरली होती, तीही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये. एके दिवशी ती हॉलमध्ये आणून आजी झुलून बघत होत्या. मागे भिंतीपर्यंत चार बोटं उरली. "बसली की गं!" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. डेस्मंडने त्यांचा हात धरला. "हा कोपरा कुठे जात नाही, आजी. शब्द देतो."

मार्चमधल्या एका बुधवारी तो मारिवेलला समुद्रकाठी घेऊन गेला. तिच्या ओल्या बटा मागे सारत म्हणाला, "मंजुरी आली की तुझ्या आईला भेटायला येतो." पोरगी हवेतच होती.

गुरुवारी सकाळी कर्जाला मंजुरी आली. अट एकच: प्रत्येक खोली दोन फूट कमी करायची, म्हणजे दर मजल्यावर एक खोली जास्त बसते. वरिष्ठांची ही अट मान्य केल्याची सही डेस्मंडची होती. तारीख सोमवारची.

सोमवारची! म्हणजे काल समुद्रकाठी त्याला सगळं माहीत होतं.

तो आला तेव्हा ती फरशीवर बसून जुनी पट्टी उचकटत होती.

"नाहीतर फाईलच बंद होत होती गं. आणि सहा माणसांना जास्तीचं छप्पर मिळतंय—"

"खरंय. मीही कदाचित हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर."

"तुझी संध्याकाळ नासवायची नव्हती…"

"माझी? की तुझी?"

तिने दोन फूट आत नवी पट्टी चिकटवली. आजींची खुर्ची अर्धी भिंतीच्या पलीकडे गेली. शेजारी उभ्या आजी खुर्चीच्या हातावर हात फिरवत होत्या… पण समजूत मारिवेलची काढत होत्या. "असू दे बाळ. खुर्ची देऊन टाकीन कुणाला तरी. दाराला कुलूप तर माझं असेल."

मारिवेलला तिथेच रडू फुटलं.

"आत येऊ?" डेस्मंडने पट्टीबाहेरून विचारलं.

तिने बघितलं. खाट, ओटा, आणि एका माणसापुरती फरशी.

"जागा नाही, डेस्मंड."

एक पाऊल टाकलं असतं तर आत होता तो. पहिल्या दिवशी तसाच तर घुसला होता! ये की रे, तुडव ती मेली पट्टी, मारिवेलचा जीव नुसता ओरडत होता.

पण डेस्मंडला आता भिंती दिसायला लागल्या होत्या. त्याने छत्री उचलली, पट्टीला पाय न लावता, जपून वळसा घातला आणि निघून गेला.