दिव्याखालचं पीठ

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाचं सर्टिफिकेट नकोय.

पनवेल स्टेशनबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या एप्रिलमध्ये, भर दुपारी बारा वाजता हे सुरू झालं. रात्रबित्र काही नाही.

स्टेशनापासून जुन्या बाजारापर्यंत थेट पायी जायचा रस्ता काढायचा होता. "शहर पुन्हा जोडूया!" असा बोर्डही लागला होता. साइट सुपरवायझर कोण, तर माझा मावसभाऊ सत्यजीत. गळ्यात आयकार्ड, डोक्यात हवा.

वाटेत, माझ्या दुकानासमोरच, एकच घर उरलं होतं. म्हाताऱ्या बुधाजींचं.

घर सोडायला त्यांची ना नव्हती. बदल्यात मिळालेल्या उलव्याच्या खोलीची चावीही घेतली होती. पण सहा दिवसांपूर्वी त्यांची बायको सुमती गेली होती. तिने जिथे प्राण सोडला तिथे दिवा लावलेला, त्याखाली तांदळाचं पीठ, वर टोपली. दहा दिवस तो दिवा विझू द्यायचा नसतो. पिठावर दाराकडे जाणारं पाऊल उमटलं की... कळतं, माणूस सुखाने गेलं.

"चारच दिवस दे रं बाला," बुधाजी हात जोडून म्हणाले. "माजी सुमती अजून घरातच हाय."

"एका दिव्यासाठी मशीन उभी ठेवू?" सत्यजीत हसला.

आणि टोपली उचलून या दीडशहाण्याने फुंकर मारली. पीठ बुटाने विस्कटलं.

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. माझाही शूरपणा तेवढाच.

तासाभरात घर भुईसपाट.

रस्ता झाला, रिबीन कापली, सत्यजीतने फोटोत पुढे पुढे केलं. दुसऱ्या दिवसापासून बुधाजी उलव्याहून बसने येऊ लागले. बरोबर बाराला, सुमती गेली त्या जागी, फरशीवर मूठभर पीठ पसरायचे. वर टोपली झाकून बसायचे.

मला वाटलं, म्हातारा पार खचला.

मग त्यांनी टोपली उचलली...

दोन पावलं. छोटी. अनवाणी.

टोपलीला कुणी हातही लावला नव्हता. मी समोरच उभी होते.

"दाराकडं तोंड पायजे व्हतं," बुधाजी पुटपुटले. "माज्याकडंच हाय. गेली नाय ती."

सत्यजीतला बोलावून दाखवलं. म्हणाला, "उंदीर असेल."

उंदराला टाच! आणि हा म्हणे इंजिनीअर. तेव्हापासून साहेब त्या फरशीला वळसा घालून जातात, ते सोडा.

तीन महिने रोज हेच. पावलं रोज बुधाजींकडे. ते रोज डोळे पुसायचे आणि पिठाचा डबा, टोपली माझ्या दुकानात ठेवून परत जायचे.

काल ते आले नाहीत.

बारा वाजले... सव्वाबारा... शेवटी मीच पीठ पसरलं. टोपली झाकली. मनात म्हटलं, आज तरी तोंड फिरव गं बाई, म्हाताऱ्याला सांगता येईल.

टोपली उचलली...

पावलं खरंच वळली होती. पूर्वी जिकडे दार होतं, तिकडे.

पण चार होती.

कालपासून बुधाजींना फोन लावतेय. वाजतोय. कुणी उचलत नाही. उलव्याला जाऊन बघायची माझी हिंमत होत नाहीये.