तुम्ही इथंच राहावं म्हणून

ज्ञानेशनं पहिल्याच भेटीत आमच्या तळ्यातून मोटारसायकल घातली.

तळं रांगोळीचं होतं म्हणून बरं. भाद्रपदातली उघडीप होती आणि मी शाळेच्या अंगणात गुडघे टेकून अख्खा बोरपाडा काढला होता. निळं तळं, पांढरा रस्ता, घराघरावर हळदीचं बोट. ज्या घरातल्या मुलाची शाळा मध्येच सुटते त्या घरावर कुंकू. सर्व शिक्षा अभियानाचे पैसे दिल्लीहून यायचे, पण ते कुठल्या मुलांसाठी मागायचे हे आधी गावानं मिळून असं जमिनीवर मांडायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. बायका भोवती जमून आपापली घरं शोधत होत्या... आणि हा फाटकातून थेट आत.

"अहो, तळं आहे ते," मी म्हटलं.

त्यानं करकचून ब्रेक लावला. मागचं चाक निळं झालं होतं. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खाली.

"फारसं खोल नव्हतं," तो म्हणाला.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र असा राग आला की विचारू नका. तालुक्याच्या ऑफिसातून आलोय, सगळ्या शाळांचे आराखडे एकत्र बांधायचं काम माझ्याकडे आहे, असं तो सांगत होता आणि मी त्याच्या चाकाकडे बघत होते. मूळचा शिक्षकच, पण अक्षर आणि हिशेब चांगला म्हणून ऑफिसात बसवलेला.

"आमचा आराखडा तुम्ही बांधणार?"

"म्हणजे... आता बांधू दिलात तर."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. गाडी फाटकाबाहेर लावली, चपला काढल्या आणि निळ्या रांगोळीच्या पुड्या माझ्यापुढे धरल्या.

"तळं भरून द्यायला आलोय."

"ते पाऊस भरतो. तुमची गरज नाही."

"पाऊस सरकारी नाही, मॅडम. त्याच्या भरवशावर आराखडा होत नाही."

मला हसू आलं आणि ते लपवायला मी उगाचच वाकून रस्ता सरळ करत बसले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. माणूस आवडायला लागला की आधी त्याचे फालतू विनोद आवडायला लागतात.

मी सातपूरची, दिशा. वडील कंपनीत, शिफ्टच्या भोंग्यावर आमचं घर जेवायचं आणि झोपायचं. शिक्षणसेविका म्हणून पहिलीच नेमणूक मिळाली ती कळवणकडच्या डोंगरातल्या या पाड्यावर. तो सटाण्याकडचा, घरी कांद्याची शेती. बोलायचा अगदी पुस्तकी, पण गडबडला की घरच्या बोलीत त्याच्या तोंडून 'आहे'चं 'शे' व्हायचं. म्हणून मी त्याला वरचेवर गडबडवायचे.

बोरपाड्याचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. दिवाळी झाली की मुकादमाची पिकअप यायची आणि निम्मा पाडा द्राक्षाच्या बागांत कामाला निघायचा, तो शिमग्यालाच परतायचा. आईबापांबरोबर मुलंही जायची. थोरली मुलगी बांधावर धाकट्याला घेऊन बसायची आणि परत येईपर्यंत वाचायचं विसरून गेलेली असायची. त्या वर्षी अभियानात हंगामी वसतिगृहाची सोय होती. आईबाप गेले तरी मुलं गावातच राहतील, गावातलीच बाई रांधून घालील, शाळा चालू राहील. फक्त जाणाऱ्या मुलांची नावं कळवायची होती.

माझ्या या 'फक्त'वर आमचे मुख्याध्यापक पुंजाराम गुरुजी हसले.

"ताई, मागच्या हिवाळ्याची हजेरी बघितली का? सगळी पोरं हजर हायेत. बागेत होती तीसुद्धा."

"पण ती शाळेत नव्हती ना."

"नव्हती. तसं लिहिलं तर मागची हजेरी खोटी ठरते, ती नावं गळतात आणि पट पडतो. पट पडला का दोनातला एक शिक्षक जादा. जादा कोण ठरंल? शेवटी आलेला." त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "आणि जादा झालेल्याला जवळपास ठेवत नाय कोणी. पार सुरगाण्याच्या टोकाला धाडतात."

म्हणजे गंमत बघा. मुलं जातात असं लिहिलं तर मी जाणार, आणि नाही लिहिलं तर मुलं जाणार. त्या संध्याकाळी मी हे ज्ञानेशला सांगितलं. तो गाडीला टेकून उभा होता.

"मग काय लिहायचं?" त्यानं विचारलं.

"खरं तेच."

"जाल सुरगाण्याला?"

"जाईन. तिथंही शाळा आहेच की."

तो गाडीचा आरसा उगाच पुसत राहिला. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल.

मग आम्ही घरोघर फिरलो. तो लिहायचा, मी विचारायचे. सखुबाईनं आम्हाला दोघांना एकाच घोंगडीवर बसवलं, कोरा चहा दिला आणि मला विचारलं, "हे तुमचं मालक का?"

मी घाईनं चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळली. ज्ञानेशनं वहीतून डोकंही वर काढलं नाही.

"अजून मंजुरी नाही, आजी."

"अर्ज तरी केलाय का?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"कागदपत्रं जमवतोय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

भिमाबाईचं घर शेवटचं. तिची पायल चौथीत होती, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं वाचणारी. भिमाबाई दारातच उभी राहून ऐकत होती.

"म्याडम, पोरगी माझ्याबिगर कधी राह्यली नाय. तिथं बारक्याला कोण बघंल?"

"बारक्याला तुमच्याजवळ ठेवा. हिला मला द्या. मी इथं असेन."

तिनं उंबऱ्यावरची माती पायानं बाजूला सारली. "तुम्ही असाल तर ठेवते," ती म्हणाली.

मी शब्द दिला. ज्ञानेश माझ्या मागेच उभा होता.

नवरात्रात सगळी माहिती पूर्ण झाली. त्या दिवशी तो मला गाडीवरून फाट्यापर्यंत सोडायला आला. देवीच्या गडाकडे पायी जाणारी माणसं रस्त्यानं चालली होती, वाऱ्याला गवताचा ओला वास होता. "ओढणी सांभाळा, चाकात जाईल," असं तो तीनदा म्हणाला. फाट्यावर आम्ही एकाच कागदातला चुरमुऱ्यांचा भत्ता खाल्ला. हिरवी मिरची त्यानं न विचारता माझ्या बाजूला सरकवली. मला तिखट आवडतं हे त्याला कधी कळलं होतं कुणास ठाऊक.

"आराखडा गेला की तुमचं येणं बंद," मी म्हटलं.

"तुम्ही एखादं घर मोजायचं विसरा. मी परत येतो मोजायला."

"मी विसरत नाही काही."

"तीच तर अडचण शे... आहे."

"शेच म्हणा. कानाला बरं वाटतं."

"मग माझ्या आईशी जमेल तुमचं," तो म्हणाला, आणि उरलेला भत्ता उगाच चिवडत बसला. मी मुलांच्या नावांचे कागद त्याच्या हातात दिले. घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली. मी हात काढून घेतला नाही. जीप आली तेव्हाही मला ती दिसली नव्हती, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कळलं.

दिवाळीच्या तोंडावर मंजुरी आली. आजूबाजूच्या पाड्यांना वसतिगृहं मिळाली होती. बोरपाड्याला नव्हतं.

मला वाटलं, टायपिंगमध्ये राहिलं असेल. मिळेल ती जीप धरून तालुक्याला गेले. ज्ञानेश ऑफिसच्या व्हरांड्यात उभा होता. मला बघून तो पायऱ्या उतरला आणि बाहेरच्या चिंचेकडे चालू लागला.

"सर, आमचा पाडा राहिलाय."

"राहिला नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "बोरपाड्यातून कुणी बाहेर जात नाही, असं कळवलं मी. शून्य. तुमचे कागद वर गेलेच नाहीत."

"कुणी सांगितलं तसं करायला?"

"कुणीच नाही." तो घुटमळला. "जादा शिक्षकांची पत्रं माझ्याच हाताखालून जातात. सुरगाण्याला गेलेला माणूस वर्षानुवर्षं परत येत नाही. तुम्ही गेल्या असता, दिशा... मला तुम्ही इथंच हव्या होता."

त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं.

"माले तू आवडस," तो म्हणाला.

हे मी गणपतीपासून ऐकायला टपले होते. काय उत्तर द्यायचं तेसुद्धा ठरवलं होतं, आधी थोडं छळायचं आणि मग हो म्हणायचं. इतकं गोड बोलणं आणि ते असं आलं, की ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तो नव्हताच, दारात उभी राहिलेली भिमाबाई होती.

"मी जाईन म्हणाले होते ना तुम्हाला?"

"म्हणाल्या होता. माझ्याच्यानं झालं नाही ते."

"मला विचारलंत का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाल्या असता."

"म्हणजे माहीत होतं."

"होतं," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आता काही करता येईल?"

"यंदा नाही. पैसे वाटून झाले."

मी पाठ फिरवली. तो मागे आला नाही आणि मला वाटत होतं की त्यानं यावं. त्या वाटण्याचाही मला संताप आला, माझा स्वतःचाच.

भिमाबाईला सांगायला गेले तेव्हा ती गोधड्या बांधत होती. मी वसतिगृह नाही एवढंच सांगितलं. का नाही, ते सांगायला जीभ वळेना. ती रागावेल, निदान दोन शब्द ऐकवेल असं मला वाटलं होतं.

"असू द्या म्याडम," ती म्हणाली. "पोरीला मी सांगितलंच नव्हतं."

भाऊबीजेनंतर पिकअप आली. पायल धाकट्याला कडेवर घेऊन मागे बसली. तिनं मला हात केला, हसत. तिला काहीच माहीत नव्हतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मी त्या मुलांपुढे गैरहजर लिहिलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मग मुलं गाव सोडून गेली, त्यांची नावं शाळाबाह्य म्हणून कळवा, असा अर्ज गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींनी तो दोनदा वाचला.

"ताई, हे वर गेलं का मे महिन्यात तुम्ही जाणार. आणि राह्यलेल्या पोरांना मी एकटाच. चार वर्ग, एक मास्तर. तुमचा राग कोणावर हाय आणि भोगायचं कोणी?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण पुढच्या आराखड्यात तरी कुणी त्या मुलांच्या जागी शून्य लिहू नये, एवढंच माझ्या हातात होतं. मी अर्ज मागे घेतला नाही आणि त्यांनी निःश्वास टाकून सही केली.

शिमग्याला माणसं परतली. पायल आली नाही. बागेच्या मालकाच्या सुनेला बाळ झालं होतं, ते सांभाळायला तिला ठेवून घेतलं होतं. "खाऊनपिऊन हाय," भिमाबाई म्हणाली आणि गोधड्या उन्हात टाकायला वळली.

मे महिन्यात माझं पत्र आलं. सुरगाणा.

स्टँडवर मी ट्रंकेवर बसले होते. ज्ञानेश आला, शेजारी उभा राहिला. उन्हानं काळवंडला होता. हिवाळाभर त्यानं तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या आणि मी एकीलाही उत्तर दिलं नव्हतं.

"बोरपाडा यंदा आराखड्यात आहे," तो म्हणाला. "दिवाळीनंतर वसतिगृह सुरू होईल."

"चांगलं झालं."

"माझं चुकलं, दिशा. कुणापुढेही कबूल करतो."

"माहीतये."

"मग मी एक सांगू? लग्न करू आपण. तू कायम झालीस की पती-पत्नी एकत्रीकरणात बदली मागता येते. तुला परत आणायचं काम माझ्याकडे. मी सगळं बघून ठेवलंय, फार तर दोन वर्षं..."

तो मनापासून बोलत होता. कुणीही मुलगी विरघळावी असा बोलत होता आणि मीही विरघळत होतेच. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी सुरगाण्याहून परत यायचं, कधी यायचं, कसं यायचं, हे सगळं त्याचं ठरूनसुद्धा झालं होतं.

"पुन्हा तुम्हीच ठरवलंत," मी म्हटलं.

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला आणि त्यावरून फिरवायला माझा हात उचललाही गेला असता, म्हणून मी ट्रंकेची कडी घट्ट धरली.

"तुझ्यासाठीच करतोय ना पण," तो हळूच म्हणाला.

"तेव्हाही माझ्यासाठीच केलं होतं."

गाडी लागली. ट्रंक त्यानंच टपावर चढवली, दोरी ओढून बघितली, कंडक्टरला सांभाळून न्या म्हणाला. मग खिडकीखाली येऊन उभा राहिला. मी हसले नाही आणि हातही केला नाही. रडले ते गाडी गावाबाहेर पडल्यावर, आणि घाट लागेपर्यंत रडत राहिले.

तो मला आवडेनासा झाला असता, तर सुरगाणा इतकं लांब वाटलं नसतं.