दादा म्हणायचा, जा

हसायचं तर हसा. पण सख्ख्या भावाच्या मरणावर कुणी थापा मारत नाही.

मंगळवार होता. भर दुपारचे तीन. आमच्या घरातली मागची खोली.

दादा आजारानं पूर्ण लुळा पडला होता. वाचा गेली, पापणीही हलेना. मी ज्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, तिथेच त्याच्या मेंदूत चिप बसवली. चिपला स्वतःची बॅटरी नसते. डोक्यावरची टोपी तिला वायरशिवाय वीज देते आणि तिचे सिग्नल पकडते. टोपी दोन बोटं लांब गेली, की सगळं बंद.

यंत्राला चारच शब्द शिकवून झाले होते. पाणी. कूस बदल. थांब. जा. दादा मनात म्हणायचा, शब्द स्क्रीनवर उमटायचा.

मी जवळ बसले, की यायचं... जा.

"जाते रे बाबा, एवढी काय घाई!" म्हणत मी उठायचे. 'थांब' एकदाही आलं नाही. फार लागायचं ते मनाला.

शेवटच्या सकाळी 'जा' अकरा वेळा आलं. मी रागारागानं कामावर गेले.

परत आले तेव्हा दादा नव्हता.

चिप काढून प्रयोगशाळेत जमा झाली. त्या मंगळवारी मी उरलेलं सामान आवरत होते. टोपी रिकाम्या उशीवर पडली होती. यंत्राला शब्द शिकवले ती फाइल सहज उघडली...

नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या.

दोन शब्दांची लेबलं उलटी लागली होती. लावणारी मीच.

दादा दोन महिने 'थांब' म्हणत होता. आणि मी दोन महिने उठून जात होते.

रडत रडत लेबलं सरळ केली.

...टिक.

टोपीचा, सिग्नल मिळाल्याचा हिरवा दिवा लागला.

स्क्रीनवर आलं... थांब.

मी आमच्या सरांना फोन लावला.

"अहो ताई, चिप इथे माझ्यासमोर बाटलीत आहे. बाहेरचं काहीतरी असेल." मग घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे बाहेरचा सिग्नल हो! भलतंसलतं मनात आणू नका."

तेव्हापासून रोज दुपारी मी तिथे बसते. उठायला लागले, की टिक... थांब. भीती वाटते. पण खरं सांगू? त्याहून जास्त बरं वाटतं.

परवा मात्र पहिल्यांदाच आलं...

जा.

लेबलं तीनदा तपासली. बरोबर आहेत.

तरी उठायचा धीर होत नाही. एकदा उठले होते मी.