देईल त्याची सही

"आजपासून त्याला सकाळचा चहा नाही," असं म्हणत सासूबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला, मोरीत उपडा केला आणि लिंबूपाण्याचा स्टीलचा पेला मुलापुढे ठेवला... आणि तिचा नवरा, कारखान्यात लेथवर लोखंड कापणारा चाळीस वर्षांचा माणूस, मुकाट्यानं पेला उचलून प्यायला.

एका चहानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. म्हणेना का! ज्या घरात दोनच खोल्या आणि तिसरं माणूस सासू, तिथे नवराबायकोच्या वाट्याला निवांत अशी येतात किती मिनिटं? सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या की स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून दोघं एकेक कप चहा घेत, तो लेथवरच्या गमती सांगे, ती चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करी, आणि दहा मिनिटांत सगळ्या दिवसाची शिदोरी बांधून होई. आता सासूबाई त्या वेळी आंघोळीला जाईनात. पेला रिकामा होईपर्यंत त्या मुलासमोर उभ्या राहत.

"दोन जिने चढला की धापा टाकतो," त्या रोज ऐकवत. "डोळ्यांखालचा रंग बघ. घरात बाई असून पुरुष असा वाळतो म्हणजे काय म्हणायचं? कूस तर उजवली नाहीच, निदान नवरा तरी धड ठेव."

ती मान खाली घालून भांडी पुसत राही. नऊ वर्षं झाली, असली वाक्यं ती पुसलेल्या भांड्यांसारखी एकावर एक रचून ठेवत आली होती.

सासूबाईंना सगळी वस्ती सिस्टर म्हणे. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात त्यांनी वॉर्ड सांभाळला होता, आणि वॉर्डचा एक नियम निवृत्त होताना त्या जणू पिशवीत घालून घरी घेऊन आल्या होत्या... देईल त्याची सही. रोग्याला गोळी दिली, लिही आणि सही कर. सुई दिली, सही कर. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचीही वही फ्रिजवर असे. एखाद्या दिवशी सुनेनं गोळी काढून दिली तर पाणी पिण्याआधी त्या पेन पुढे करत. "सहीशिवाय दिलेलं औषध म्हणजे चोरी," त्या म्हणत. नवरा हसायचा, "आई, पाणी दिलं त्याची पण सही घे."

अशा बाईच्या घरात, तिच्या नकळत, सात वर्षं सुई दिली जात होती!

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मूल होईना म्हणून दोघं तपासायला गेले. तिचं सगळं ठीक निघालं. त्याच्या अंगात मात्र पुरुषाच्या शरीरात आपोआप तयार व्हायला हवं ते टेस्टोस्टेरॉन जवळजवळ तयारच होत नव्हतं. बाराव्या वर्षी झालेल्या गालफुगीनं आतल्या ग्रंथी जळून गेल्या होत्या. मूल होणार नव्हतं. आणि हाडं, ताकद, उमेद टिकायची तर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागणार होतं, जन्मभर. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानं तिचा हात धरला. तो बारा वर्षांचा असताना गावभर त्याच तापाची साथ होती आणि आई अकरा दिवस वॉर्डातच राहिली होती, दुसऱ्यांची मुलं सांभाळत, हा शेजाऱ्यांकडे. गाल सुजले ते सगळ्यांना दिसलं. जांघेतली दुसरी सूज त्यानं लाजेनं कुणालाच सांगितली नाही.

"आईला कळलं तर ती जगायची नाही गं," तो म्हणाला होता. "एवढं एक कर. तिला सांगू नकोस."

तिनं केलं. ती सुई द्यायला शिकली. दर तिसऱ्या रविवारी दुपारी, सासूबाई जुन्या मैत्रिणींकडे गेल्या की ती बिस्किटांच्या डब्यातून सिरिंज काढी आणि चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणाऱ्या हातांनी त्याच्या मांडीत औषध सोडी. आणि वांझ म्हणवून घेणं... तेही तिनं केलं. आपल्याला बोलल्या तर आपल्यापुरतं, त्यांना कळलं तर त्यांचं म्हातारपण जळेल, असा साधा हिशेब तिनं मनाशी केला आणि पुन्हा कधी तपासून पाहिला नाही.

गेल्या वर्षी डोस वाढवला आणि नवीनच संकट उभं राहिलं. रक्त दाट व्हायला लागलं. नळीत रक्त ठेवलं की तांबडा भाग खाली बसतो. तो शंभरात पन्नासच्या आत असावा, चौपन्नच्या वर गेला की गुठळीची भीती. त्याचा पंचावन्न निघाला. तीन वेळा बाटलीभर रक्त काढलं. आकडा उतरला, पण रक्ताबरोबर लोहही गेलं, साठा नऊवर आला आणि माणूस जिन्यात बसू लागला.

"रक्त दाट आणि तरी लोह कमी?" त्यानं विचारलं होतं.

"तुमच्या भाषेत सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भट्टी जोरात पेटलीय आणि कच्चा माल संपलाय. इंजेक्शन म्हणजे भट्टी, लोह म्हणजे माल. आत्ता माल ओतलात तर ती पुन्हा भराभर तांबड्या पेशी पाडेल. आधी आपण डोस कमी करून भट्टी मंद करू. तोवर थकवा सोसा. लोहाची गोळी मी सांगेपर्यंत घ्यायची नाही."

तो सोसत होता. आणि घरात एकतीस वर्षं फिकट बायकांना लोहाच्या गोळ्या वाटलेली आई त्याच्या डोळ्यांखालचा रंग बघत होती.

दोन महिन्यांनी ती दोघं पुन्हा दवाखान्यात बसली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"डोस कमी केला, तरी आकडा छप्पन्न? आणि लोहाचा साठा नऊवरून साठ? हे आपोआप होत नाही." त्यांनी चष्मा काढला. "कुणीतरी नेमानं लोह देतंय, आणि जाणून देतंय. चहाबरोबर दिलं तर ते अंगी लागत नाही, आंबट काही दिलं तर चटकन लागतं. घरात औषधपाणी कोण बघतं?"

लिंबूपाणी... बंद झालेला चहा... समोर उभं राहून रिकामा करवलेला पेला!

नवऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या लिंबूपाण्याला मागून कडवट चव होती, पण आईच्या हातचं म्हणून तो विष असतं तरी प्यायला असता. तो बायकोकडे वळला. त्याच्या नजरेत राग असता तर तिला परवडला असता. त्या नजरेत संशय होता.

"तू दिलंस?"

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. पण त्या शब्दामागून सासूबाईंचं नाव आलं असतं, डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं असतं, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे ते अकरा दिवस या टेबलावर येऊन पडले असते.

"हो," ती म्हणाली. "मला बघवत नव्हतं तुमच्याकडे."

डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं तिनं ऐकून घेतलं. माया करायची तर डोकं वापरून करा... पायात गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली, तर माणूस तासाभरात हाती लागायचा नाही... शेजारच्या खोलीत त्याच्या दंडातून रक्त काढत होते तेव्हा ती त्याच्याजवळ उभी राहिली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. घरी येईपर्यंत तो तिच्या चार पावलं पुढे चालत राहिला. सासूचे नऊ वर्षांचे बोल तिला जेवढे लागले नव्हते, तेवढी ती चार पावलं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवघराचा दिवा लावायला वळल्या, तेवढ्यात तिनं कट्ट्यावरचा पेला उचलला. तळाशी तपकिरी वर्तुळ होतं, रोज घासूनही न जाणारं. आजवर ते तिच्या ध्यानात कसं आलं नाही? ती रोज काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारी बाई! तिनं पेला मोरीत ओतला.

"काय केलंस?"

सासूबाई मागे उभ्या होत्या.

"आई, त्यांना हे देऊ नका."

"का?"

तिनं नळ सोडला.

"का, म्हणून विचारतेय! तुला कळत नाही ते मला कळतं. त्याच्या अंगात रक्त नाही. गोळी नको म्हणतो, तर दोन महिने मी पेल्यातून लोह देतेय म्हणून उभा तरी आहे. आणि तू ओतून देतेस?" त्यांचा आवाज चढला. "नऊ वर्षांत एक मूल दिलं नाहीस, मी पदरात घेतलं. आता माझा मुलगाही राहू द्यायचा नाहीये का तुला?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं फक्त पेला पाण्याखाली धरला आणि ती तो घासत राहिली... घासत राहिली.

"आई."

तो दारात उभा होता. त्यानं पेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कालचं "हो" कुणासाठी होतं ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की ती स्वतःचं रडणं विसरली.

"अहो, नको," ती म्हणाली. "माझी शपथ आहे."

"पुरे झाल्या तुझ्या शपथा," तो म्हणाला. आत जाऊन त्यानं बिस्किटांचा डबा आणला आणि आईच्या हातात दिला.

नर्सला काही समजावून सांगावं लागत नाही. सासूबाईंनी झाकण काढलं, सिरिंज पाहिली, औषधाची छोटी बाटली उजेडाकडे धरून तिच्यावरचं नाव वाचलं. मग त्या हळूच स्टुलावर बसल्या.

"कधीपासून?"

"सात वर्षं."

"कशानं?"

त्यानं डब्याचं झाकण उचलून हातात धरलं.

"कशानं, विचारतेय मी."

"गालफुगी," तो म्हणाला. "मी सांगितलं नव्हतं तुला. लाज वाटली. तुझा काही दोष नाही त्यात, आई."

त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. बारा वर्षांचा मुलगा, साथ, अकरा दिवस... घरी परतल्यावर पाय फाकून चालणारं पोर, आणि "सायकलवरून पडलो" हे त्याचं उत्तर, जे एका नर्सनं खरं मानलं होतं, कारण तिला झोप हवी होती.

"आणि या औषधानं रक्त दाट होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि वरून मी लोह देत होते."

"काल छप्पन्न निघाला आकडा. डॉक्टरांनी विचारलं, कुणी दिलं. हिनं सांगितलं, मी दिलं."

सासूबाईंनी मान वर केली. सुनेकडे त्यांनी इतका वेळ सरळ कधीच पाहिलं नसेल.

"तुला सगळं माहीत होतं? मी जे जे बोलत आले... ते सगळं माहीत असून तू ऐकून घेतलंस?"

"तुम्हाला सहन झालं नसतं, आई."

"आणि तुला होत होतं?"

होत नव्हतं, आणि हे नऊ वर्षांत प्रथमच कुणीतरी विचारलं होतं. ती तिथेच मोरीपाशी मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली. सासूबाई उठल्या. खाली बसता येत नाही म्हणणारे त्यांचे गुडघे त्या दिवशी वाकले. फरशीवर तिच्याशेजारी बसून त्यांनी तिचं ओलं, साबणाचं डोकं छातीशी घेतलं.

"माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं गं..."

पुढे महिनाभर इंजेक्शन बंद होतं. नवरा चिडचिडा झाला, घाम फुटायचा, लेथवर हात चालेना. सासूबाई दवाखान्यात स्वतः गेल्या आणि साठ वर्षांवरची ती करारी बाई डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहून म्हणाली, "लोह मी दिलं. सुनेच्या नावावर लिहिलं असेल तर खोडा." जिन्यात शेजारीण नेहमीचं विचारायला लागली, तेव्हा त्यांनी तिला अर्ध्यातच थांबवलं. "सुनेत काही कमी नाही. कमी पडले ती मी." मुलाचं गुपित त्यांनी झाकलं, आणि दोष स्वतःच्या पदरात घेतला.

आकडा एक्कावन्नवर आला. लोहाचा साठा पुन्हा उतरणीला लागला होता. आता इंजेक्शन दर आठवड्याला थोडंथोडं द्यायचं, सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं, आणि काय होईल ते डॉक्टरीणबाईंनाही छातीठोक सांगता येत नव्हतं.

रविवारी दुपारी सासूबाई मैत्रिणींकडे गेल्या नाहीत. तिनं सिरिंज भरली आणि त्यांच्यापुढे धरली. "आई, तुम्ही द्या. तुमचा हात..."

"माझा हात कळला सगळ्यांना. तू दे." त्या चष्मा लावून जवळ उभ्या राहिल्या. "हं, सरळ. घाई नको. बाहेर काढताना पण तितकीच सावकाश... छान."

मग त्यांनी फ्रिजवरची वही काढली. नवं पान होतं, त्यांच्या वॉर्डातल्यासारखे रकाने आखलेलं. तिनं नकळत मागचं पान उलटलं. तिथे तारखा होत्या, सलग एकसष्ट, प्रत्येकीपुढे 'लोह' लिहिलेलं आणि प्रत्येकीपुढे सासूबाईंची सही, उशिरा केलेली, सगळी एकाच शाईनं. काही सह्यांची शाई पाण्यानं फुटली होती.

"एकतीस वर्षांत सहीशिवाय काही दिलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "परक्यांना."

त्यांनी पान पुन्हा पुढचं काढलं आणि तिच्या हातात पेन दिलं. सहीच्या रकान्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात मथळा होता, 'सिस्टर'.

"इथे?" तिनं विचारलं.

"देईल त्याची सही," सासूबाई म्हणाल्या. "सात वर्षांची राहिलीय तुझी. आजपासून सुरू कर."

तिनं सही केली. सासूबाईंनी वही मिटून जागेवर ठेवली, दोन कप चहा केला, दोघांच्या पुढे ठेवला, आणि आंघोळीची वेळ नसतानाही टॉवेल घेऊन त्या न्हाणीघरात गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. नळाचा मात्र बराच वेळ आला नाही.