वरची रेघ, वरची तार

चैत्रातली ती वावटळ मोहोळहून निघाली, वाटेत दोन पत्रे आणि एका लग्नाचा मांडव उचलून सोलापुरात शिरली, आणि धम्मप्रियाच्या हातातला कागद तिनं नेमका चन्नवीरच्या छातीवर नेऊन चिकटवला. खोटं वाटत असेल तर मोहोळात जाऊन विचारा.

"द्या इकडं. गिटारचा टॅब आहे तो."

चन्नवीर चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढायचा. गिटार त्यानं दुकानाच्या काचेतून तेवढी पाहिलेली. पण पोरगी कपाळावरची ओली बट मागं सारत होती...

"वाचता येतो तुम्हाला?"

"व्हय की!"

"मग शिकवा ना. दोन महिन्यांनी कॉलेजच्या बँडची निवड आहे. नाही झाली तर गिटार बंद, असा बाबांना शब्द दिलाय मी."

त्याच संध्याकाळी त्यानं टॅब कसा वाचतात ते मोबाईलवर बघून घेतलं. सहा रेघा म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे कितव्या घरात बोट दाबायचं. पुढचं बघायला गडी थांबलाच नाही. चादरीची नक्षी ग्राफवर दिसते तशीच कापडावर उतरते; तेव्हा वरची रेघ म्हणजे वरची तार!

तलावाकाठच्या बागेत रोज शिकवणी भरू लागली.

"बोट हितं न्हाय... हितं—"

"दाखवा नुसतं. धरू नका."

"धरलं कुटं? टेकलंय."

"मग उचला की!" म्हणायची, आणि हात तसाच ठेवायची.

सूर असे निघायचे, की तलावातले बगळे बिऱ्हाड घेऊन हिप्परग्याला गेले.

"असं का वाजतंय हो?"

"तारा नव्या हायत. रुळतील."

तिसऱ्या आठवड्यात त्याला कळलं. टॅबमध्ये वरची रेघ म्हणजे खालची, सगळ्यांत बारीक तार. सगळंच उलटं शिकवलं होतं! सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं कडक भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "तुमच्यामुळं जमतंय हं..."

उद्या सांगू, म्हणाला. असे चाळीस उद्या गेले.

निवडीच्या दिवशी तिनं चार सूर छेडले आणि परीक्षकांनी हात वर केला. "बाळ, टॅब उलटा वाचलायस." हॉल हसला.

ती तडक बागेत आली.

"तुम्हाला येतच नव्हतं?"

"न्हाय."

"त्याचं हसूच आलं असतं मला. चुकतंय, हे कधी कळलं?"

चन्नवीरनं मान खाली घातली. "तिसऱ्या आठवड्यात. वाटलं, सांगितलं तर तुमी यायच्या न्हाईत..."

"आले असते." तिचा आवाज बारीक झाला. "आवडत होतात तुम्ही मला. आज सांगणार होते—"

"प्रिया..."

"रोज बोटं सोलली माझी, चन्नवीर. आणि तुम्ही फुंकर घालत बसलात."